बेल्ट लावलेला होता

६ जानेवारी २०२६, मंगळवार

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. कंपनीच्या दोन नंबर गेटवर, कागद लावलेली पाटी छातीशी धरून, आत येणाऱ्या चारचाकी गाड्या मोजत होतो. गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि काचेवरच्या पासवरचा लाइनचा नंबर लिहायचा, आणि ड्रायव्हरनं सीट बेल्ट लावला असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. रस्ता सुरक्षा महिना आहे. हे काम मंजुषा मॅडमनी मला दिलं. त्या सेफ्टी ऑफिसर आहेत, मी त्यांच्या हाताखाली ठेकेदाराकडचा मदतनीस. म्हणाल्या, "सत्यम, तुझं अक्षर स्वच्छ आहे आणि तू आकडा फुगवत नाहीस."

१३८ गाड्या. बरोबरच्या खुणा १२१.

गेटवरचे वॉचमन अप्पाराव हसायला लागले. "लई खूश होऊ नको. वळणावर चहाची टपरी हाय ना, तिथं समदे बेल्ट ओढतेत. गेट ओलांडलं की सोडतेत. तुला बघूनच."

वही आजपासून सुरू केली. बारावी अर्धवट सोडली तरी लिहिलेलं शुद्ध असावं असं मला वाटतं. अडलेला शब्द कोशात बघतो. खोलीवर दुपारी साडेतीनला येतो, तेव्हाच लिहायचं ठरवलं आहे.

७ जानेवारी

आज टपरी यायच्याही आधी, लिंबाआड उभा राहिलो. १३८ पैकी ३४.

मॅडमनी आकडा दोनदा वाचला. मग विचारलं, "सगळ्यात कमी कुठल्या लाइनचे?"

मी सांगितलं, तीन नंबर. काळवणे साहेबांची लाइन.

"वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

राजेंद्र काळवणे साहेब तीन नंबर लाइनचे सुपरवायझर आहेत. त्यांचा मुलगा विश्वजीत गेल्या मे महिन्यात हर्सूल-सावंगीच्या रस्त्यावर गेला. वय सतरा वर्षं आठ महिने. वडिलांची गाडी घेऊन निघाला होता, उभ्या टँकरवर मागून आदळला. कँटीनमध्ये बेल्टचा विषय निघाला की साहेब ताट बाजूला सारतात आणि सांगतात, "माझ्या पोरानं बेल्ट लावलेला होता. शोरूमवाल्यानं मशीन लावून बघितलं. टक्कर झाली तेव्हा बेल्ट लावलेला. एअरबॅगचा बलून बी उघडला. गेलाच ना? मंग कशाला सांगता बेल्टचं?"

चाळीस माणसं मान खाली घालून जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी बेल्ट न लावता येतात.

बेल्ट लावलेला नव्हता. हे या कंपनीत फक्त मला ठाऊक आहे.

८ जानेवारी

काल एवढं लिहून वही मिटली. आज पुढचं लिहितो.

या नोकरीआधी मी शहरात गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात होतो. सीटकव्हर, मॅट, काचेला फिल्म, आणि क्लिप. क्लिप म्हणजे बेल्टच्या टोकाला असते तीच धातूची पट्टी, फक्त तिला बेल्ट नसतो. ती बकलात खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लावला, आणि तिचं टिंग टिंग बंद होतं. दिवसाला पाच-सहा जायच्या. मी स्वतः खोचून दाखवायचो आणि म्हणायचो, "बघा, झाली शांत."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक पोरगा आला. काळा टी-शर्ट, वरच्या ओठावर नुकती लव. म्हणाला, "दादा, तो आवाज बंद करायचं काय असतं ते द्या. पप्पांनी सांगितलंय." पोरं असंच सांगतात. सिगारेट घेतानाही वडिलांचं नाव सांगतात. मी क्लिप खोचली. गाडीत बसून त्यानं चावी फिरवली, कान देऊन ऐकलं आणि अंगठा दाखवला.

गाडीचा नंबर माझ्या बिलबुकात होता. चार आठवड्यांनी पेपरात फोटो आला, त्या चेमटलेल्या गाडीवर तोच नंबर होता. ४४१७.

जूनमध्ये दुकान सोडलं. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून वडील वाळूजला कुठल्या कंपनीत आहेत ते कळलं. मामेभावाला सांगून इथं लागलो. पहिल्याच दिवशी त्यांना सगळं सांगायचं असं ठरवून आलो होतो. सात महिने झाले.

आता फॉर्कलिफ्ट मागे घेताना वाजते, कँटीनचा मायक्रोवेव्ह वाजतो, शेजारच्या खोलीत कुणाचा फोन वाजतो, आणि माझा हात आपोआप कमरेपाशी, डाव्या बाजूला जातो. तिथं काही नसतं.

१२ जानेवारी, सोमवार

आज जे पाहिलं ते लगेच लिहितो.

टपरीपाशी काळवणे साहेबांची गाडी आली. नवी घेतलेली आहे. चालवत होती त्यांची मुलगी, सायली. नोव्हेंबरात वीस पूर्ण झाली, डिसेंबरात लायसन्स मिळालं, असं अप्पाराव म्हणाले. साहेब शेजारी बसलेले, एक हात हँडब्रेकवर. दोघांच्याही छातीवर बेल्ट नाही.

मी काचेपाशी गेलो. "ताई, बेल्ट?"

ती हसली. "दादा, आमच्या गाडीत नसतोय."

मी आत बघितलं. बेल्ट खांबाला गुंडाळून, चिकटपट्टीनं बांधलेले. बकलं दिसतच नव्हती. सीटकव्हर त्यांच्यावरून ओढून शिवून टाकलं होतं. मागच्या सीटचं असं बरेच जण करतात, बसताना टोचतं म्हणून. पुढच्या सीटचं मी पहिल्यांदाच पाहिलं. टाके जवळजवळ होते. कारागीर चांगला असणार.

साहेब पुढं बघतच म्हणाले, "ए पोरा, तुझं काम मोजायचं हाय ना? मोज. मार फुली."

"साहेब, ताई आता परत एकट्याच जाणार ना?"

"मंग? माझी पोरगी हाय. अडकून मरण्यापेक्षा मोकळी बरी."

ते गेटच्या बाहेरच उतरले. तिनं गाडी वळवली, आरशात बघितलं, हात हलवला आणि हर्सूलच्या दिशेनं गेली. एक वळण चुकून जरा रुंद घेतलं. गाडी इंजिन चालू असूनही अगदी गप्प होती, एकदाही वाजली नाही. वायर काढून टाकली असावी.

मी फुली मारली. कागद फाटला.

१४ जानेवारी

संक्रांत. काळवणे साहेबांकडे वर्ष सरलेलं नाही, त्यामुळं त्यांच्या लाइनवर कुणी तिळगूळ नेला नाही. त्यांनीच खिशातून रेवड्या काढून दोघांना दिल्या. मला दिली नाही. गेले सात महिने ते माझ्याकडे सरळ बघत नाहीत हे आज ध्यानात आलं. मी ठेकेदाराचा माणूस, त्यामुळं असेल.

१७ जानेवारी

तीन दिवस अप्पारावांच्या रजिस्टरपेक्षा माझ्या यादीत एक गाडी जास्त येते आहे. त्यांच्याकडे १३८, माझ्याकडे १३९. ते म्हणाले, "तू झोपत नाय का रे? डोळे बघ." मी म्हणालो, तुमचंच चुकलं असेल.

आज खोलीवर येऊन तिन्ही दिवसांच्या याद्या त्यांच्या रजिस्टरशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिल्या.

१५ तारीख, ६:५२. ४४१७. बरोबरची खूण.
१६ तारीख, ६:५२. ४४१७. बरोबरची खूण.
१७ तारीख, ६:५२. ४४१७. बरोबरची खूण.

अक्षर माझं आहे. चारची मान मी अशीच उघडी ठेवतो. लिहिल्याचं मला आठवत नाही. ती गाडी गेल्या जुलैत भंगारात तुटली.

खूण बरोबरचीच का केली असेल, याचा विचार करत बसलो. दूध उतू गेलं.

१९ जानेवारी, सोमवार

मॅडमनी ट्रेनिंग हॉलमध्ये तीन नंबर लाइन बसवली. जुनी सीट, तिला बेल्ट, आणि मी. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की पूर्वी गाड्यांच्या दुकानात होतो.

बेल्ट कसा लावायचा ते दाखवलं. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर. वरचा खांद्यावरून, काखेतून नको. मागं बसलेले कडुबा नावाचे वेल्डर म्हणाले, "अन् ढेरी असली तर?" सगळे हसले. मी म्हणालो, ढेरीच्या खालून. ते म्हणाले, "खालचं मला दिसतच नाय की." पुन्हा हसले. मलाही जरा बरं वाटलं.

मग क्लिप काढून दाखवली. ही खोचली की काय होतं ते सांगितलं. गाडी गप्प बसते, आणि नंतर मशीन लावलं तर मशीनही सांगतं, बेल्ट लावलेला होता.

हे शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. हॉलमधलं हसू थांबलं.

काळवणे साहेब पहिल्या रांगेत होते. ते उठले आणि बाहेर गेले. दारापाशी नळ आहे, तिथं बराच वेळ हात धूत होते. जेवण झालेलं नव्हतं, हाताला ग्रीसही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर दारात गाठून म्हणाले, "कुठल्या दुकानात होतास?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू पत्ता विचारला होता आणि तो कळला.

२० जानेवारी

लाइन तीनवर कुणीतरी म्हणालं, "काळवणे साहेबांचं पोरगं क्लिपवालंच असेल बे." ते साहेबांच्या कानावर गेलं. आज सायली सोडायला आली तेव्हा पुन्हा फुली.

मी सांगितलं नाही, आणि ती उद्या एखाद्या टँकरखाली गेली, तर? हे वाक्य मी दिवसभर कागदाच्या मागं लिहीत होतो आणि खोडत होतो.

२१ जानेवारी, बुधवार

सांगितलं.

पावणेतीनला पहिली पाळी सुटली. साहेब गेटबाहेर लिंबाखाली सायलीची वाट बघत उभे होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो.

"साहेब, विश्वजीतला ती क्लिप मी दिली. मी माझ्या हातानं खोचली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"कधी?"

"एप्रिलमध्ये. अठ्ठावीस तारीख. दुपारी बारा."

"तुला तारीख बी ठाऊक हाय."

"व्हय साहेब."

रस्त्यावरून दोन कंटेनर गेले. त्यांनी तोंडावरची धूळ रुमालानं पुसली. मग विचारलं, "पोरगं काय बोललं होतं तव्हा? कुणासाठी घेतो म्हणालं?"

मला त्याचं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. पण मेलेल्या मुलानं बापाच्या नावावर थाप मारली, हे बापाला कशाला ऐकवायचं? मी म्हणालो, "काही नाही बोलला. स्वतःसाठीच म्हणाला."

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "स्वतःसाठी," ते म्हणाले. "असं म्हणाला?"

"व्हय."

"तू लई सोज्वळ हायेस रे. घरी कोण कोण असतं?"

मी सांगितलं, देवगाव रंगारीला आई आणि धाकटी बहीण. ते म्हणाले, "आईला फोन करत जा." तेवढ्यात गाडी आली. ते बसले. मला वाटलं होतं मारतील. माझी तयारीही होती. मारलं असतं तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्या लाइनी दहा मिनिटं उभ्या राहतात, सूचना ऐकतात. आज मॅडम बोलायच्या आधी काळवणे साहेब पुढं आले. माइक घेतला नाही. तरी ऐकू आलं.

"मी तुम्हाला आठ महिने सांगतोय की माझ्या पोरानं बेल्ट लावलेला होता. नव्हता लावलेला. बकलात क्लिप होती. ती आणायला मी धाडलं होतं त्याला. मला त्या टिंग टिंगचा वैताग यायचा. मी म्हणालो, जा, दोनशे रुपयं पाठवतो, ते बंद करून आण. पोरगं गेलं, आणलं. मी त्याला एकदा बी बेल्ट लावलेला दाखवला नाय, तर तो कुठून लावणार? शोरूमवाल्यानं मशीन बघून सांगितलं, तेव्हाच मला कळलं होतं मशीन असं का सांगतंय. तरी मी तेच धरून बसलो. घरी बी तेच सांगितलं. दुकानातल्या माणसाचा काय बी दोष नाय. कुणी त्याला काय बोलायचं नाय."

एवढं बोलून ते आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. भोंगा वाजला. कुणीच हललं नाही. मग मशीनवाल्यांपैकी एक जण हलला, मग बाकीचे.

मॅडम माझ्या शेजारी डोळे पुसत होत्या. त्यांना ठाऊक नाही की साहेब खोटं बोलले. माझ्यासाठी बोलले. मी तीन दिवसांपूर्वी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी सगळा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला, सहाशे माणसांपुढं. दोनशे रुपयांचा आकडासुद्धा बरोबर बसवला. बाजारात विचारला असेल.

एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिलेला नाही.

२७ जानेवारी

लाइन तीनवर आज टपरीच्या आधीच १९ पैकी १५ गाड्या बेल्ट लावून आल्या. कडुबांनी काच खाली करून ढेरी दाखवली, "बघ, खालून!" मॅडमनी आकड्याखाली रेघ मारली.

काळवणे साहेब कंपनीच्या बसनं आले. अप्पाराव म्हणाले, "शनिवारी लाइनीवर बोलले ते कुणीतरी फोनवर घेतलं व्हतं. त्यांच्या घरी पोचलं. वहिनी बोलत नायत म्हणे त्यांच्याशी. माहेरी जायची तयारी चाललीय. पोरीला घेऊन."

माझ्यासाठी बोललेल्या खोट्यापायी त्यांचं घर मोडतं आहे. हे मी होऊ देणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला हर्सूलला गेलो. तलावाच्या अलीकडं त्यांचं घर. अंगणात गाडी उभी, ओट्यावर दोन बॅगा भरून ठेवलेल्या. साहेबांच्या पत्नी, सुरेखाकाकू, ओट्यावरच बसल्या होत्या. साहेब आत होते, दाराच्या चौकटीत त्यांचे पाय दिसत होते.

मी चपला काढल्या आणि उभ्यानंच सांगितलं. "काकू, मी सत्यम. क्लिप माझ्याच हातानं बसवली. साहेब त्या दिवशी खोटं बोलले, मला वाचवायला. त्यांना दोष देऊ नका."

त्यांनी मला खालून वर बघितलं. आवाज शांत होता. "बस बाळा. तू होतास ना तिथं? विश्वजीत काय म्हणाला तेवढं सांग. जसं म्हणाला तसं. त्याचे शब्द."

साहेबांना मी जे सांगितलं तेच इथं सांगायला हवं होतं. पण त्या आई होत्या, आणि शब्द मागत होत्या. मला वाटलं, त्याचा एवढा एकच शब्द माझ्याकडे आहे, तो मी ठेवून कसा घेऊ? मी सांगितलं.

"दादा, तो आवाज बंद करायचं काय असतं ते द्या. पप्पांनी सांगितलंय." आणि लगेच पुढं म्हणालो, "पण काकू, पोरं असंच सांगतात. वडिलांचं नाव सांगतात."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग ओठ हलवून तेच शब्द पुन्हा म्हणून बघितले, आवाज न काढता. पप्पांनी सांगितलंय.

"आवाज कसा होता त्याचा?"

"घोगरा. नुकता फुटलेला."

"व्हय," त्या म्हणाल्या. "उशिराच फुटला, मार्चमधी."

साहेब बाहेर आले. दाढी वाढलेली. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी?" ते म्हणाले. "तुझ्यासाठी काय केलं रे मी, बाळा?"

मोठी माणसं केलेलं बोलून दाखवत नाहीत.

काकू उठल्या. वाटलं बॅगा उचलतील. त्यांनी घरातून कात्री आणली आणि माझ्यापुढं धरली. "तुला हे काम येतं ना? सीटचं उसवून दे. पोरीला कुठंबी जायचं असलं तरी ती असं जाणार नाय."

मी गाडीत बसून ड्रायव्हरच्या सीटचे टाके एकेक करून कापले. अर्धा तास लागला. कव्हर बाजूला केलं. आत क्लिप होती. मी ती काढून डॅशबोर्डवर ठेवली. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. खांबाची चिकटपट्टी सोडली. बेल्ट कडक झाला होता, दोन-चारदा ओढून सैल केला.

सायली येऊन सीटवर बसली. तिनं चावी फिरवली. गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. माझा हात कमरेपाशी गेला. सायलीनं बेल्टकडे हात नेला.

"थांब," साहेब म्हणाले. "वाजू दे जरा."

ते उघड्या दारापाशी येऊन उभे राहिले, एक हात टपावर ठेवून. आवाज आधी हळू होता, मग जलद झाला. शेजारची बाई गॅलरीत आली. काकूंनी पदर तोंडाशी धरला, पण त्या हलल्या नाहीत. किती वेळ झाला, मी मोजलं नाही. साहेब मान खाली घालून ऐकत होते, जसं आतून कुणीतरी हाक मारतंय आणि ओ द्यायची राहून गेली आहे.

मग तेच खाली वाकले, पोरीच्या खांद्यावरून बेल्ट घेतला, कमरेच्या हाडावर नीट बसवला. बकल त्यांना पटकन सापडेना. मी बोट दाखवलं नाही.